असोसिएशनची बिल्डिंग विकायची म्हणतायत, पण ती नक्की कोणाची असते?

डॉक्टर, वकील, इंजिनिअर, केमिस्ट, सराफ, डाळ मिलवाले... आपल्या जळगाव-धुळ्याकडे प्रत्येक पेशाची एक तरी असोसिएशन असते, आणि जुन्या असोसिएशनची बहुतेक गावात मोक्याच्या ठिकाणी स्वतःची जागा पण असते. खाली हॉल, वर ऑफिस, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या नावांचा बोर्ड. बांधली तेव्हा ती जागा गावाच्या कडेला होती, आता तिथे टू-व्हीलर लावायला जागा मिळत नाही आणि स्लॅब पावसाळ्यात गळतो. मग कोणीतरी ग्रुपवर टाकतं की मुख्यालय विकू, हायवेकडे नवीन ऑफिस घेऊ, उरलेले पैसे बँकेत ठेवू. त्यावर धडाधड अंगठे पडतात, आणि एखादा जुना मेंबर अहिराणीत विचारतो, "बिल्डिंग इकी टाकी मंग आते आपन बसानं कोठे?"

प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्याही आधी दोन प्रश्न येतात. विकायचा अधिकार कोणाला, आणि आलेल्या पैशाचं पुढे काय. मीटिंगमध्ये नेमकं यावरच कोणी बोलत नाही, कारण सगळं वकिली भाषेत असतं. म्हणून इथे सरळ भाषेत लिहितोय.

आधी मालकाचं नाव बघा

महाराष्ट्रात अशा संस्थेची सहसा दोन ठिकाणी नोंदणी असते. एक १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि दुसरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला ट्रस्ट ॲक्ट म्हणतो तो. धर्मादाय उद्देशाने काढलेली सोसायटी आपल्याकडे आपोआप सार्वजनिक ट्रस्ट पण धरली जाते. लेटरहेडवर खाली बारीक अक्षरात 'एफ' लावून एक नंबर असतो ना, तो ट्रस्टच्या नोंदणीचा.

हा नंबर असेल तर बिल्डिंग अध्यक्षाची नाही, कार्यकारिणीची नाही, आणि सांगायला वाईट वाटतं पण मेंबरांची पण नाही. ती संस्थेच्या उद्देशाची आहे. कार्यकारिणी फक्त सांभाळणारी, कायद्याच्या भाषेत विश्वस्त. आज ते आहेत, निवडणूक झाली की दुसरे येतील.

सगळ्याच संस्था अशा नसतात. काही ट्रेड युनियन म्हणून नोंदलेल्या असतात, काही कंपनी कायद्याखालच्या ना-नफा कंपन्या असतात, आणि काही तर दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेच्या नुसत्या शाखा असतात. शाखा असेल तर जागा शाखेच्या नावावर आहे की मूळ संस्थेच्या हे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरच कळतं, ऐकीव माहितीवर अजिबात जाऊ नका. कधीकधी तर असं निघतं की जागा अजून जुन्या एखाद्या अध्यक्षाच्याच नावावर आहे, 'संस्थेकरिता' एवढा शब्द पुढे लावलेला, आणि ते जाऊन वीस वर्षं झाली. मग आधी ती नोंद दुरुस्त करा, विक्री नंतर.

कलम ३६ म्हणजे काय

ट्रस्टची जमीन किंवा बिल्डिंग विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. धर्मादाय आयुक्त म्हणजे सरकारने ट्रस्टांवर देखरेखीसाठी बसवलेला अधिकारी, चॅरिटी कमिशनर. ही अट ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. संस्थेच्या घटनेत 'कार्यकारिणीला मालमत्ता विकण्याचा पूर्ण अधिकार' असं लिहिलेलं असलं तरी परवानगी लागतेच, कलमाची सुरुवातच तशी आहे. बिल्डिंग भाड्याने द्यायची असेल तरी तीन वर्षांच्या वरच्या करारासाठी परवानगी लागते, शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. बिल्डरला जागा देऊन त्याच्याकडून नव्या बिल्डिंगमध्ये एक मजला घ्यायचा, ज्याला आपण सगळे रिडेव्हलपमेंट म्हणतो, त्यातही संस्थेची जागा दुसऱ्याकडे जातेच, म्हणून 'आपण विकत नाहीये, डेव्हलप करतोय' म्हणून या कलमातून सुटका होईल असं समजू नका.

आयुक्तांकडे एकच कसोटी लागते, या व्यवहारात ट्रस्टचं हित आहे का. म्हणजे विकायची गरज खरी आहे का, भाव योग्य आहे का, आलेला पैसा कुठे जाणार. सभेत सगळ्यांनी हात वर केले एवढ्यावर भागत नाही. परवानगी देताना अटी घालता येतात, आणि ती खोटं सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवली असेल तर नंतर रद्द पण करता येते.

"पैसे आमच्या वर्गणीचे, मग सरकार मध्ये कशाला?"

हा आक्षेप प्रत्येक सभेत येतो आणि त्यात भावना खरी आहे. ज्यांनी तेव्हा पगारातून, प्रॅक्टिसमधून पैसे काढून दिले, विटा-सिमेंटचे ट्रक स्वतः उभं राहून उतरवून घेतले, त्यांना आता कोणी बाहेरचा माणूस विचारतो की का विकताय, तर राग येणारच.

पण असं बघा. वर्गणी दिली तेव्हा ती संस्थेला दिली, शेअर विकत घेतला नाही. त्या बिल्डिंगवर उद्या मेंबर होणाऱ्या पोरापोरींचा पण तेवढाच हक्क आहे आणि ते आज मतदानाला हजर नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी विचारायला पाहिजे ना, ते काम या कलमाने आयुक्तांना दिलंय. सोसायटीचा कायदा तर याच्याही पुढे जातो, संस्था पूर्ण बंद केली तरी देणी भागवून उरलेली मालमत्ता मेंबरांमध्ये वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. त्यामुळे 'विकून प्रत्येकाला वाटा मिळेल' असं कोणी कानात सांगत असेल तर ते चुकीचं आहे, सरळ सांगतो.

जागा लीजची निघाली तर

इथे खूप लोक अडकतात. आपल्याकडच्या जुन्या संस्थांना जागा बऱ्याचदा नगरपालिकेने नाममात्र भाड्याने लीजवर दिलेली असते किंवा सरकारकडून मिळालेली असते. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे महापालिका झाली २००३ मध्ये, त्याच्या आधीचे करार नगरपालिकेचे. लीजच्या जागेवर बिल्डिंग तुमची असेल पण जमीन तुमची नाही, आणि करार संपला की बोलणी शून्यापासून. सरकारी जमीन असेल तर उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असतं, त्याचा साधा अर्थ असा की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि परवानगी मिळाली तरी किमतीतला मोठा हिस्सा नजराणा म्हणून सरकारजमा होऊ शकतो.

दानपत्राने मिळालेली जागा असेल तर त्यातली प्रत्येक ओळ वाचा. 'वाचनालयासाठी', 'अमक्याच्या स्मरणार्थ सभागृहासाठी' अशा अटी असतात. देणगीदाराच्या घरच्यांना आधी जाऊन भेटा, त्यांना पेपरमधली नोटीस वाचून कळता कामा नये. कायद्यात बसो न बसो, माणुसकी म्हणून.

भाव कोण ठरवतो

रेडीरेकनर हा शब्द सगळ्यांनी ऐकलाय. मुद्रांक शुल्क काढण्यासाठी सरकार भागाभागाचे जे दर जाहीर करतं तो तक्ता. तो दर म्हणजे बाजारभाव नाही. बाजारात भाव त्याच्या वर असू शकतो, चिंचोळ्या बोळातली जागा असेल तर खाली पण. म्हणून नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो, आणि माझं मत विचाराल तर दोन वेगळ्या व्हॅल्युअरचे घ्या, त्यातला एक गावाबाहेरचा. फी जाते पण संशय राहत नाही.

मग पेपरमध्ये जाहिरात, सीलबंद टेंडर, सगळ्यांसमोर उघडणं. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांच्या जमिनी खाजगी बोलणीतून न विकता साधारणपणे जाहीर लिलावानेच विकाव्यात असं सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्येच आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलंय, कारण बंद खोलीत ठरलेल्या भावावर कोणी कितीही प्रामाणिक असला तरी विश्वास बसत नाही. घेणारा आपल्याच कार्यकारिणीतल्या कोणाचा भाऊ, साडू, पार्टनर असेल तर ते लेखी जाहीर करा आणि त्या मेंबरने ठरावाच्या वेळी बाहेर बसावं. लपवलं आणि नंतर निघालं तर अख्खी परवानगी धोक्यात येते, वर सांगितलंच.

पैसा आला, आता पुढे?

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या मते हाच, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

आपल्याकडे हायवेच्या चौपदरीकरणात ज्यांची शेतं गेली त्यांच्याकडे एकदम मोठी रक्कम आली. ज्याने पुढे दहा किलोमीटर आत जाऊन दुसरं शेत घेतलं तो शेतकरीच राहिला, आणि ज्याने पैसा खात्यात ठेवून लागेल तसा काढला त्याचं काय झालं हे प्रत्येक गावाला माहिती आहे. संस्थेचं तसंच आहे, एवढंच की संस्थेला सांगणारं घरचं माणूस नसतं.

समजा (हे आकडे फक्त उदाहरणाला घेतलेत) बिल्डिंग ३ कोटीला गेली आणि सगळे पैसे ७ टक्क्यांनी एफडीत टाकले. वर्षाला व्याज २१ लाख. नवीन ऑफिस भाड्याने ४० हजार महिना, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. ऐकायला मस्त वाटतं, भाडं देऊन १६ लाख उरतात! पण घरमालक जीएसटीत असेल तर भाड्यावर १८ टक्के, म्हणजे महिन्याला ४७ हजार २००. भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत गेलं तर १५ वर्षांनी तेच ४० हजार ८३ हजारांवर जातात. आणि व्याज? मुद्दल तेवढंच, तर व्याज पण तेवढंच, २१ लाख, दर उतरला तर त्याहून कमी. दरम्यान शिपायाचा पगार, लाइट बिल, सेमिनारचा खर्च सगळं वाढलेलं.

कोणी म्हणेल की व्याज खायचंच नाही, मुद्दलात टाकत जायचं. तिथे आयकराचा नियम आडवा येतो. आयकरात नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेला करसवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के त्या वर्षी उद्देशासाठी खर्च करावे लागतात, किंवा ठराविक कामासाठी पाच वर्षांपर्यंत साठवायचा रीतसर अर्ज द्यावा लागतो. म्हणजे मुद्दल, ज्याला कॉर्पस म्हणतात, ते एफडीत फारसं वाढतच नाही. बिल्डिंगची किंमत मात्र कोणी काही न करता वाढत होती. विकताना नेमकी ही गोष्ट हातातून जाते, आणि ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही कारण ताळेबंदात बिल्डिंग अजून जुन्या काळच्या खर्चाच्या किमतीवर लिहिलेली असते.

विक्रीच्या नफ्यावरचा कर वेगळाच. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने विक्रीची सगळी निव्वळ रक्कम दुसऱ्या भांडवली मालमत्तेत घातली, म्हणजे नवीन जागा घेतली, तर तो नफा उद्देशासाठीच वापरला असं धरतात आणि कर लागत नाही. थोडीच घातली तर सवलत पण पूर्ण मिळत नाही. पण फक्त मेंबरांच्या फायद्यासाठी चालणाऱ्या बऱ्याच असोसिएशनची आयकरात अशी नोंदणीच नसते, तेव्हा २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, वर सेस वगैरे, आणि महागाईप्रमाणे मूळ खर्च वाढवून धरायची, म्हणजे इंडेक्स लावायची, सोय संस्थेला राहिलेली नाही. जागा २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजार किंमत मूळ खर्च म्हणून घेता येते, त्याने बराच फरक पडतो, त्यासाठी त्या तारखेचा व्हॅल्युएशन रिपोर्ट काढून ठेवा. कलमांचे नंबर १ एप्रिल २०२६ पासूनच्या नवीन आयकर कायद्यात बदललेत म्हणून इथे देत नाही, सीएला ठरावाच्या आधी विचारा. खरेदीखत झाल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

"पण एवढी जागा आता लागते कुठे?"

हे म्हणणं खोटं नाही, आणि विकणं म्हणजे पाप असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. जगात मोठमोठ्या संस्थांनी मुख्यालयं विकलीत. इंग्लंडमधल्या फार्मासिस्टांच्या रॉयल फार्मास्युटिकल सोसायटीचं लंडनमध्ये लॅम्बेथला मोठं मुख्यालय होतं. २०१० मध्ये नोंदणी आणि शिस्तीचं सरकारी स्वरूपाचं काम तिच्याकडून काढून वेगळ्या मंडळाकडे गेलं, काम कमी झालं, माणसं कमी झाली, आणि २०१५ मध्ये संस्था ईस्ट स्मिथफील्डच्या नव्या जागेत गेली, जुनं म्युझियमसुद्धा सोबत नेलं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांची संघटना, अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, १९०९ पासून शिकागोत आहे, तिनेही ईस्ट ह्युरॉन स्ट्रीटवरची बिल्डिंग विकून २०२० मध्ये शिकागोतच मिशिगन ॲव्हेन्यूवर ऑफिस नेलं.

म्हणजे काम बदललं तर जागा बदलणं शहाणपणाचं असू शकतं. आपल्याकडे कारण बहुतेक वेळा बिल्डिंगच्या वयाचं असतं. महापालिका हद्दीत ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, हॉल असेल तर फायरची यंत्रणा तपासून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, प्रमाणपत्र द्यावं लागतं. ऑडिटमध्ये दुरुस्तीचा आकडा बिल्डिंगच्या किमतीशी स्पर्धा करायला लागला तर विकायचा विचार करणं बरोबरच आहे. फक्त तो आकडा लेखी असू द्या, इंजिनिअरच्या सहीचा. 'बिल्डिंग पडायला आलीय' हे वाक्य ऐकून मी ठराव पास करणार नाही, तुम्हीही करू नका.

नवीन ऑफिस कुठे, हा प्रश्न पत्त्यापुरता नाही

हायवेला पार्किंग आहे, लिफ्ट आहे, एसी हॉल आहे, शहरातल्या गाडीवाल्या मेंबरला सोयीचंच. पण जिल्ह्याची असोसिएशन म्हणजे फक्त जिल्ह्याचं गाव नव्हे. जळगावची संस्था असेल तर चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, धरणगाव, रावेरचा माणूस रेल्वेने येतो, चोपडा-यावलचा एसटीने. स्टेशन-स्टँडजवळचं ऑफिस गावाबाहेर गेलं की त्याला वरून रिक्षा, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी दोनची मीटिंग असेल तर तो येणारच नाही. मग सभेला गावातलेच तीस जण आणि पुढचे सगळे निर्णय त्यांचेच. विरोध करणारा तालुक्याचा मेंबर कोणी हाकलून न देता आपोआप गळतो, म्हणून जागा बदलताना कोरमचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा, पण विचार करायला लागतो.

आपण खान्देशी माणसं मुख्यालय हलण्याचा अर्थ चांगला ओळखून आहोत. १९०६ पर्यंत अख्ख्या खान्देशाचा कारभार धुळ्याहून चालायचा, मग पूर्व खान्देश वेगळा होऊन त्याचं ठाणं जळगावला आलं, आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. तळोदा, अक्कलकुवा, धडगावच्या माणसासाठी कलेक्टर ऑफिस किती जवळ आलं हे तिकडच्यांना विचारा.

त्याच तारखेमुळे एक अवघड हिशेब पण तयार होतो. धुळ्याला १९९८ च्या आधी एखाद्या जिल्हा असोसिएशनने बांधलेल्या बिल्डिंगमध्ये शहादा, नवापूर, नंदुरबारच्या मेंबरांची वर्गणी असू शकते. नंतर त्यांची वेगळी संस्था झाली, पण बिल्डिंग जिच्या नावावर आहे तिचीच राहिली. आता ती विकली तर पूर्ण रक्कम कायद्याने धुळ्याच्या संस्थेची, पण नंदुरबारकडचे जुने मेंबर विचारणार की आमच्या पैशाचं काय, आणि त्यांना 'तुमचा काय संबंध' म्हणणं मला पटत नाही. वाटा देता येत नसेल तर उद्देशाच्या चौकटीत बसणारं काहीतरी, तिकडे ट्रेनिंगचे कार्यक्रम, लायब्ररीची पुस्तकं, करता येतं का हे ठरावाच्या वेळीच बोलून घ्यावं. जुन्या पावती पुस्तकांतून कोणाची किती वर्गणी होती हे काढता येतं, तो एक-दोन दिवसांचा त्रास घेण्यासारखा आहे.

"आधी विकू, परवानगी नंतर आणू"

गिऱ्हाईक निघून जाईल या भीतीने हे सुचतं. २०१७ मध्ये कलम ३६ मध्ये दुरुस्ती होऊन व्यवहारानंतर परवानगी मिळण्याची वाट उघडली हे खरं, पण ती फक्त अपवादात्मक परिस्थितीसाठी आहे. तातडी होती, विकणं ट्रस्टच्या हिताचं होतं, किंमत बाजारभावापेक्षा कमी नव्हती आणि तसा तज्ज्ञाचा दाखला आहे, जास्तीत जास्त भाव मिळवायचा खराखुरा प्रयत्न केला, विश्वस्तांनी स्वतःचा फायदा केला नाही, दस्त नोंदवलेला आहे, हे सगळं दाखवावं लागतं. ज्यांना कागद करायचा कंटाळा म्हणून विकून टाकायचंय त्यांना ही वाट नाही. आणि घेणाऱ्याला बँकेचं कर्ज काढायचं असेल तर बँकेचा वकील मालकी तपासताना, म्हणजे सर्च रिपोर्टमध्ये, पहिली परवानगीच बघतो, ती नसेल तर गिऱ्हाईक तसंही जातं.

सभेला जाताना काय मागायचं

विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस आली की घटनेची प्रत काढून बघा, मुदत आणि कोरम बरोबर आहे का. उतारा, मूळ खरेदीखत किंवा लीज, व्हॅल्युअरचे रिपोर्ट, ऑडिटचा आकडा, सीएचं कराबद्दलचं पत्र, हे सभेच्या आधी ऑफिसात बघायला ठेवा असं लेखी मागा, तोंडी नको. ठरावात 'योग्य किमतीस विकण्याचे अधिकार अध्यक्ष व सचिव यांना देण्यात येत आहेत' एवढंच असेल तर हरकत घ्या, किमान किंमत आणि पैसा कुठे ठेवणार हे दोन्ही ठरावातच यायला पाहिजे. नवीन जागा विकतची की भाड्याची हेही तिथेच ठरवा, मला विचाराल तर लहान का होईना पण विकतची. हरकत घेतली तर ती इतिवृत्तात तुमच्या नावासह लिहिली गेली का ते बघूनच उठा.

विक्री झाल्यावरही काम संपत नाही. मालमत्तेत किंवा पत्त्यात बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, आपण चेंज रिपोर्ट म्हणतो तो, द्यावा लागतो, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीतून जुनी बिल्डिंग निघते आणि नवीन जागा चढते. भाड्याची जागा असेल तर चढण्यासारखी मालमत्ता नसते, म्हणून एफडीच्या पावत्या कोणाच्या सहीने मोडता येतात हे त्याच वेळी विचारा, दोघांच्या सहीने मोडत असतील तर ते चार करून घ्या आणि त्यातला एक जण तालुक्याचा असू द्या.